नव्या शंखाची रांग

चूक सगळी भिकूतात्यांची. फार जुन्या काळी एका किनाऱ्यावर रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करणारे खेकडे राहत. तात्या त्यांच्यातले सर्वांत वडील आणि सर्वांत हावरे. एकदा उथळ पाण्यात एक नवाकोरा तांबूस शंख चमकला. ओहोटीला तो वाळूवर येणार, म्हणून सगळ्यांनी आदल्या दिवसापासूनच काठावर मुक्काम ठोकला. रांगेत पहिले अर्थात तात्याच.

पाणी ओसरू लागताच तात्यांनी अंगावरचा शंख उतरवला. "आत शिरायला उशीर नको!"

"तात्या, आधी माप तरी बघा," मागची चिंगी म्हणाली.

"गप गं! काल अंड्यातून आलीस, मला शिकवतेस?"

रिवाज असा, की पुढच्याने सोडलेल्या शंखात मागच्याने शिरायचं. चिंगी तात्यांच्या शंखात गेली, तिच्या शंखात तिच्या मागचा, आणि हसत हसत सगळी रांग सरकली.

मग नवा शंख वाळूवर आला. पाण्यात केवढा दिसत होता! आता त्यात तात्यांची एक नांगी तेवढी मावली.

"चिंगे, माझा शंख दे!"

"मग मी कुठे जाऊ? रिवाज तुम्हीच घालून दिलाय ना, तात्या?"

तात्यांचं घर गेलं. पुढे जन्मभर ते फुटक्या करवंटीखाली राहिले.