चाळीस दालनांचं वारूळ

माणसांनी गावं वसवायच्या आधी एका टेकडीच्या पोटात मुंग्यांचं चाळीस दालनांचं वारूळ होतं. तिथला रिवाज असा, की एका दालनात दहा जणी आजारी पडल्या तरच चौकात वर्दी द्यायची. उगाच घबराट नको.

एकदा तळाच्या दालनातल्या ठिपकीच्या बाळाच्या अंगावर पांढरी बुरशी दिसली. बाळ पहिलंच. आपल्याला साध्या शिंकेतही साथ दिसते, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. तरी ती चौकात गेलीच.

"एकच ना?" वर्दी घेणारी थोरली मुंगी हसली. "अगं, दहा होऊ देत, मग ये."

"मावशी, दहा होईपर्यंत माझं एक राहील का?"

तेवढ्यात मागून कुणी पुटपुटलं, "आमच्याकडेही एकच आहे, म्हणून बोलले नाही." मग तिसरी बोलली, मग कितीतरी जणी.

थोरलीने मातीवर चाळीस दालनं आखली आणि आजार असेल तिथे एकेक खडा ठेवायला लावला. शेवटचा खडा पडला आणि सगळ्या जणी वाकून पाहू लागल्या. सुटासुटा वाटलेला आजार ओल्या कोठारापासून तळापर्यंत नदीसारखा सलग वाहताना दिसत होता. आपलं वारूळ एवढं अफाट आहे, हेही कित्येकींना तेव्हाच कळलं.

त्याच दिवशी बुरसलेलं धान्य बाहेर गेलं, कोठार बुजलं. चौथ्या दिवशी ठिपकीचं बाळ वळवळलं.

"मावशी, माझी वर्दी खोटी निघाली असती तर?"

"तर एक खडा उचलला असता."