लेहचा शिक्का

"अप्पा, संशय घेणं पाप आहे का?"

दुय्यम निबंधक टिळेकर मठात येऊन बसले होते. दस्तनोंदणीच्या कचेरीत त्यांच्या नजरेतून खोटी सही सुटत नाही, अशी त्यांची ख्याती. ती ते स्वतःच सांगत फिरत, हा भाग वेगळा.

रेवणअप्पा भस्माच्या वड्या थापत होते.

"कुणाचा घेतलास?"

"एका बाईचा. कलावती शिंगाडे. नवरा फौजेत, लेहला. विधवा जावेची मुलगी दत्तक घ्यायचीय. नवऱ्याचं संमतीपत्र आणलंय, तिथल्या लष्करी अधिकाऱ्यासमोर सही केलेलं."

"मग?"

"शिक्का केंद्राच्या अधिकाऱ्याचा. कचेरी राज्याची. त्या अधिकाऱ्याला मी ओळखत नाही."

"असा शिक्का चालत न्हाई?"

"चालतो. वरून तसा आदेश आहे." टिळेकर जरा पुढे सरकले. "पण शिक्का काय, बाजारात कुणीही करून देतो. मी तिला सांगितलं, हा अधिकारी खरा असल्याचा दाखला घेऊन ये. नाहीतर नवऱ्यालाच माझ्यासमोर उभा कर."

"काय म्हणाली?"

"रडली. जाऊ अंथरुणाला खिळलीय म्हणे. तिला पेन धरवतंय तोवर उरकून घ्या म्हणाली. मग तर मला जास्तच संशय आला. एवढी घाई कशाला?"

अप्पांचा हात थांबला...

"त्या कागदात खोटं काय दिसलं तुला?"

"काहीच नाही. तेच तर! इतका स्वच्छ कागद?"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. टिळेकरांचं तर कधी पोळलंही नव्हतं.

अप्पांनी खडीसाखरेची ताटली पुढे सारली. टिळेकरांनी एक खडा उचलून उजेडाकडे धरला, मग तोंडात टाकला. एकाएकी त्यांचे डोळे बारीक झाले.

"अप्पा, ती बाई तुमच्याकडे आली होती का?"

"न्हाई. तुझ्याच तोंडून ऐकतोय."

"नाही म्हणजे... उद्या खोटं निघालं तर?"

"निघंल की. घे संशय. पाप न्हाई त्यात."

टिळेकर खूष झाले. गुरूनंच शिक्कामोर्तब केलं म्हटल्यावर आणखी काय हवं?

अप्पा गुडघ्यावर हात देत उठले आणि उंबऱ्यापर्यंत गेले. भस्माच्या हातांनी त्यांनी टिळेकरांच्या चपला उचलल्या, आत आणल्या आणि त्यांच्या पायाशी नीट जोडून ठेवल्या.

टिळेकर ताडकन उभे राहिले. गुरूनं शिष्याच्या चपलांना हात लावायचा! शरमेनं त्यांचे कान तापले.

"अप्पा, हे काय करताय? मला... हाकलताय?"

"न्हाई रे. लांब जायचंय तुला."

"कुठं?"

"लेहला. शंका तुला आलीय, पायपीट तिनं का करायची?"