अर्ध्या शेपटीचा मासा

एकदा एका कापड-व्यापाऱ्याच्या पेढीतला सोनेरी मासा आजारी पडला. पेढीच्या दर्शनी भागात काचेची मोठी टाकी होती. तिच्या तळाशी तो एका कुशीवर पडून असे. शेपटी सडत चालली होती आणि अंगावर कापसासारखी बुरशी धरली होती.

त्याच इमारतीत एका वृद्ध वैद्यांचा दवाखाना होता. जागा पेढीच्या मालकांनी, शेठजींनीच वापरायला दिलेली. वैद्यांची शिष्या हेमलता हिने मासा पाहिला आणि उपचार करू का, असे शेठजींना विचारले. शेठजी हसले. घरातला मासा मरतो तेव्हा घरावरचे अरिष्ट सोबत घेऊन जातो, तेव्हा त्याला मरू द्यावे, असे म्हणाले. हेमलता दवाखान्यात परतली. जागा त्यांची, मासाही त्यांचाच.

तिने हे गुरूंना सहज सांगितले. ते तसेच उठले, पेढीत गेले आणि कुणाला न विचारता मासा घमेल्यात घालून घेऊन आले. मग मोजक्या मिठाचे पाणी, रोज नवे, असा उपचार सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी मुनीम निरोप घेऊन आला. मासा आजच्या आज टाकीत सोडा, नाहीतर जागा रिकामी करा. वैद्यांनी कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

हेमलतेला राहवले नाही. "गुरुजी, रोज चाळीस माणसे या दारात येतात. एका माशापायी त्यांना उन्हात उभे करायचे?"

वैद्य म्हणाले, "मुली, अरिष्ट आले आहे ते माशावर. शेठजींचा केसही वाकडा झालेला नाही. तरी त्याने मरावे, म्हणजे यांना बरे वाटेल! आज मासा आहे. उद्या आजारी मोलकरीण असेल, परवा विधवा बहीण. माझ्यावरचे तिच्यावर गेले ते बरे झाले, असे म्हणायला जीभ एकदा सरावली की पुढे अडत नाही. अशा माणसाच्या मर्जीने मी औषध देऊ लागलो, तर कुणाला वाचवायचे हेही तोच ठरवील."

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना धर्मशाळेच्या ओट्यावर भरू लागला. काही रोगी कुरकुरले, पण आले. तीन आठवड्यांनी मासा पोहू लागला. शेपटी अर्धीच उरली होती, पोहताना तो किंचित कलत असे.

ही वार्ता पेढीवर गेली. मुनीम पुन्हा आला. मासा परत द्या, जागाही परत घ्या, असा शेठजींचा निरोप होता. वैद्य काही बोलण्याआधीच हेमलतेने विचारले, "तो पुन्हा आजारी पडला, तर शेठजी आम्हाला बोलावतील का?"

मुनिमाने नकारार्थी मान हलवली.

"मग मासा इथेच राहील," ती म्हणाली आणि समोरच्या म्हातारीची नाडी पाहू लागली. वैद्यांनी तिच्याकडे एकदा पाहिले. त्यांना काही सांगायचे उरले नव्हते.

परवानगी मागून केलेली दया, परवानगी नाकारली की तिथेच थांबते.