युवराजांच्या पोटात लोखंड

"लोखंड खायला घालायचं? आमच्या आठ महिन्यांच्या लेकराला?" महिपतराजे असे गरजले, की गवाक्षातली कबुतरं उडाली!

राजवैद्य चाचरत म्हणाले, "महाराज, बाळराजे पांढुरके पडलेत. खेळत नाहीत, रडायचंही त्राण नाही. अंगात लोह कमी झालंय."

लोहभस्माची चिमूट देऊन झाली होती. बाळराजांनी ती 'फुर्र' करून थेट राजांच्या मिशीवर उडवली होती!

राजे हट्टाला पेटले. "दवंडी पिटा! दोन महिन्यांत जो बाळाच्या पोटात लोखंड घालील, त्याला मागेल ते देऊ! पण ते दिसता कामा नये, कडू लागता कामा नये. सात पिढ्यांत आमच्या मुदपाकखान्यात लोखंड शिरलेलं नाही, आताही शिरणार नाही. घास चांदीच्या वाटीतूनच येईल. आणि जमलं नाही, तर राज्याबाहेर!"

वाड्यावर दळण दळणारी ठकू हे ऐकत होती. बाळाचे फिकट ओठ ती रोज बघत होती. तिनं मनातल्या मनात देवीला हात जोडले आणि पुढं झाली.

"मी घालते, महाराज!"

"तू? तू काय लोहारीण आहेस?"

"नाही महाराज, तीन पोरांची आई आहे!"

दुसऱ्या दिवसापासून ठकूच्या झोपडीतून चांदीची झाकलेली वाटी येऊ लागली. नाचणीचं सत्त्व, गुळाचा खडा, वर लिंबाचे दोन थेंब. बाळराजे वाटी चाटूनपुसून साफ करीत आणि आणखी हवं म्हणून पाय आपटीत! दोन महिने सरले, तेव्हा त्यांचे गाल जास्वंदीसारखे झाले होते आणि राजांचा फेटा त्यांच्या मुठीत होता.

राजे हरखले, पण हट्ट सुटेना. "अगं, ही तर साधी नाचणीची लापशी! लोखंड कुठंय?"

ठकूनं दोन वाट्या पुढं ठेवल्या. "एकाच झाडाचे आवळे, एकाच चुलीवर शिजवलेत. हा चांदीच्या भांड्यातला."

"फिकट आहे."

"आणि हा माझ्या कढईतला."

"हा तर काळाकुट्ट!"

"कढईनं आपल्या अंगातलं थोडं त्याला दिलं, महाराज. बाळराजांची लापशीही रोज तिच्यातच शिजते."

"लोखंडी कढईत?" राजांचे डोळे लाल झाले. "आमच्या वंशाचा घास त्या अपशकुनी भांड्यात?"

ठकू हळूच म्हणाली, "मग पाळण्यातली गादी जरा उचलू का?"

गादी उचलली, तर खाली भलामोठा लोखंडी अडकित्ता!

"हा कुणी ठेवला?"

"मी!" म्हाताऱ्या आईसाहेब खाकरल्या. "बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. तुझ्याही गादीखाली होता. आता ओरडू नकोस, पोर दचकेल!"

ठकूनं पदर सावरला. "बघा महाराज! जो बाळाची राखण करतो, त्याला सात पिढ्या गादीखालीच बसवून ठेवलंत. मी त्याला जरा आत पाठवला, एवढंच!"

राजे पोट धरून हसले. त्यांना बघून बाळराजेही खिदळले!

"माग, ठकू! काय हवं ते माग!"

"ज्या घरी पाळणा हलतोय, त्या घरी एकेक लोखंडी कढई द्या, महाराज."

"दिली! आणि तुला?"

"माझ्याकडे आहे की! त्यापेक्षा एक तुमच्या मुदपाकखान्यात धाडा. मला रोज चांदीची वाटी घासायचा कंटाळा आलाय!"

राजांनी हसत हसत हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओटीत घातलं, आणि कढई आणायला स्वतःच उठले.