थोराड प्लेटलेट

शिवाप्पा हलवाई हयात होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या रक्तात जखमा बुजवणाऱ्या प्लेटलेट राहत. त्यांच्यात एक नवी आली, अंगानं थोराड, चिकट आणि उतावळी. सुरीनं कापलेलं शिवाप्पाचं बोट तिनं झटक्यात बुजवलं. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

मग हृदयाच्या नळीत आतून बारीकशी भेग पडली. वयानं आकसलेली एक प्लेटलेट म्हणाली, "अगं, इथं वाट अरुंद आहे. जरा बेतानं चिकट."

"अंगातला दम संपला की असंच सुचतं!" असं म्हणत थोराडीनं साऱ्यांना हाका मारल्या. थरावर थर चढले.

शिवाप्पा कढईशेजारी कोसळला.

आत थोराड अजून ओरडत होती, "बघा, एक थेंबही सांडला नाही!"

खरंच होतं ते. एक थेंबही हलत नव्हता.