भागीकाकीची गोड शिवी

नांदळवाडीच्या ओढ्यावर अजून साकवही घातला नव्हता, त्या काळची ही गोष्ट. भागीकाकीचा नातू तापाने फणफणला होता, आणि तिने देवापुढे पदर पसरून नवस बोलला होता, "पोर उठून बसू दे रे गणराया. चातुर्मासभर जिभेवर कडू काही ठेवणार नाही. कारलं नाही, मेथी नाही, आणि शिवी तर नाहीच नाही." पोर उठून बसलं आणि पेज मागू लागलं.

आता तुम्ही म्हणाल, शिवी सोडण्यात कसला आलाय नवस? पण अख्ख्या वाडीची भिस्त त्या शिवीवर होती. देशोदेशी माणसं सणाला एकमेकांच्या खोड्या काढतात. कुठे दाराची कडी वाजवून पळतात, कुठे होळीला शेजाऱ्याची लाकडं पळवतात. नांदळवाडीची खोडी गणेशचतुर्थीची. त्या संध्याकाळी चंद्र दिसला की अंगावर चोरीचा खोटा आळ येतो. मग शेजाऱ्याच्या कौलांवर खडे टाकायचे, तो शिव्या देत बाहेर आला की मुकाट खायच्या. आळ धुऊन निघतो. आणि शिवी खावी तर भागीकाकीची! ती ओरडली की माडावरचे नारळ आपसूक खाली उतरत, असं म्हणतात. पलीकडच्या गावची माणसंसुद्धा पदराला खडे बांधून यायची.

त्या वर्षी शेजारच्या आवडाबाईंची नवी सून तुळसा चतुर्थीला पाणी शेंदायला गेली, आणि विहिरीच्या पाण्यातच तिला चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीची नथ नाहीशी! आदल्या दिवशी मोदकांचं सारण ढवळता ढवळता आवडाबाईंनी ती पुसून ताटलीत ठेवली होती. घरात परकी अशी एक तुळसाच.

"गौर उघड्या नाकाने घरात आली," आवडाबाई म्हणाल्या, "तर तू माहेरची वाट धरायची."

दिवस कलायला आला तशी तुळसा भागीकाकीच्या अंगणात गेली. खडा टाकला. काकी दारात आली नि म्हणाली, "कोण? तुळसा होय? ये गो बाय, गूळपाणी घे."

तुळसाने दुसरा टाकला, चांगला मोठा. कौल फुटलं.

"फुटू दे गो. जुनंच होतं."

तुळसा रडायलाच लागली. "काकी, पाया पडते, एक शिवी द्या हो! गोड बोललात तर मी घरातून गेले."

काकीने घरात नजर टाकली. आत नातू निजला होता. शिवी द्यावी तर नवस मोडतो, न द्यावी तर या पोरीचं घर मोडतं. तिने वळून गणपतीकडे पाहिलं. देवाच्या डोक्यावर माटवी टांगली होती. दोडकी, पडवळं, काकड्या, भोपळा, सगळं रानातलं नि परसातलं त्या चौकटीला लोंबत होतं. काकी बघतच राहिली. मग तिने पदर खोचला.

"अगं ए दोडके!"

ओढ्यापलीकडची गुरं थबकली, असं म्हणतात.

"पडवळाच्या शेंड्या! सुकलेल्या काकडे! बिनबियांच्या भोपळ्या, माझं कौल फोडतेस? तुझ्या सासूच्या डोक्यात चिबूड पिकला काय गो, सोन्यासारख्या सुनेला चोर म्हणते ती?"

वाडी धावत आली. आवडाबाईसुद्धा आल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "काकी, कारलं राहिलं!"

"ते कडू रे मेल्या!" काकी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "मेल्या नव्हे रे. मुळ्या! मुळ्या म्हणाले मी!"

वाडी हसली. काकीचा आवाज मात्र चढतच गेला. कौलं थरथरली, वासे करकरले, आणि वळचणीतून उंदराचं घरटं सगळ्यांच्या देखत धप्पकन अंगणात पडलं. गणपतीचं वाहनच ते. पिल्लं चहूकडे पळाली, आणि गवताच्या गुंडाळीत, सारणाने चिकट झालेली, गौरीची नथ चमकली.

वाडी जमलेली नसताना ते घरटं पडलं असतं तर तिन्हीसांजेला एकट्या तुळसाच्या हातात ती नथ दिसली असती. मग तिचं कोण ऐकणार होतं? पण आता अख्खी वाडी साक्षीला उभी होती. आवडाबाईंनी नथ उचलली, आपल्याच बोटांचा गूळ ओळखला आणि सुनेला पोटाशी धरलं. त्या वर्षी गौर तुळसाच्या हातून घरात आली. काकीचा नातू पुढे काठी टेकण्याइतका म्हातारा झाला, असं म्हणतात.

नांदळवाडीत अजूनही चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषीची भाजी पोटात गेली की, संध्याकाळी कौलांवर खडे वाजतात. ज्याच्यावर वर्षात खोटा आळ आला असेल तो खडा टाकतो. घराघरातून बायका पदर खोचून बाहेर येतात आणि भागीकाकीचं नाव घेऊन त्याला भाज्यांची लाखोली वाहतात. हसता हसता त्याचे डोळे भरून येतात.

तेव्हा बायांनो, तुम्हीही एवढा नेम धरा. छपरावर खडा वाजला तर दार लावून घेऊ नका. माथ्यावर आळ घेऊन कुणीतरी अंगणात उभं असेल. त्याला नावं ठेवा दोडक्याभोपळ्यांची, पण चांगली मोठ्याने ठेवा, शेजारीपाजारी धावत येतील एवढ्या मोठ्याने.