सात हत्तींचे खोगीर

एका राज्यात माणसे जमिनीवर कमी आणि घोड्यावर जास्त असत. पोरे चालायच्या आधी रिकिबीत पाय घालीत, आणि नवरीसुद्धा मांडवात घोडीवरूनच येई. तिथे एक मोठा मान होता. जो कधी घोड्यावरून पडला नाही, त्याच्या उजव्या पायात सोन्याचा तोडा. आता घोड्यावर बसणारा पडत नाही, असे कुठे होते का? म्हणून शहाण्यांनी नियमाला एक पळवाट ठेवली होती. घोडा अडखळला आणि त्यामुळे स्वार पडला, तर ते पडणे धरायचे नाही. मात्र अडखळलेल्या घोड्याला दसऱ्याचा गूळ मिळायचा नाही. झाले! तोडे पायात राहिले, आणि दर दसऱ्याला अर्धी पागा गुळाविना राहू लागली.

हैबती हा तिथला पहिल्या मानाचा स्वार. वीस वर्षे त्याचा तोडा झळकत होता. गेल्या दसऱ्याला भर मिरवणुकीत, सज्ज्यातल्या बायकांकडे पाहत मिशीला पीळ देताना, तो धपकन खाली आला. उठता उठता म्हणाला, "घोडी अडखळली."

घोडीचे नाव शेवंती. ती जागची हललीसुद्धा नव्हती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली. त्या दिवसापासून ती त्याच्या हातची काडी खाईना.

उत्तरेच्या डोंगरावर वज्रकेश नावाचा मायावी राहत असे. त्याला घोड्यांचे मन कळे. शेवंती काही बोलली नव्हती, पण तिचे न बोलणे त्याला ऐकू गेले. दुसऱ्या दिवशी तो शिवेच्या दगडावर येऊन बसला आणि त्याने शाप उच्चारला.

"आजपासून ह्या राज्यात घोड्यावर कुणाचा तोल राहणार नाही. येत्या दसऱ्याला सूर्य मावळायच्या आत एका तरी स्वाराने ही शीव ओलांडावी. नाही तर सारे घोडे माझे."

तसेच झाले. स्वार चढे आणि तिसऱ्या पावलाला मातीत असे. सेनापती पालखीतून हिंडू लागले, नवरदेव बैलगाडीतून येऊ लागले. तोडे मात्र पायातच राहिले, कारण शापाचे पडणे शहाण्यांनी धरलेच नाही. हैबतीला मनातून सारे ठाऊक होते. तोडा जाईल म्हणून तोंड उघडवेना, आणि शेवंती जाईल म्हणून अन्न गोड लागेना.

दसरा महिन्यावर आला तेव्हा राजाने सात नद्यांपलीकडच्या भिवरा जीनगरणीला बोलावले. तिला खोगिरे शिवता येत आणि जादूही येई. सात हत्ती, अंबारीसकट, देऊन राजाने तिच्याकडून तोल शिकवणारे खोगीर घेतले. त्याला ना रिकीब, ना धरायला कडी. बूड भोपळ्यासारखे गोल. पुढच्या पाखरीवर, म्हणजे बाजूला लोंबणाऱ्या कातड्यावर, हिरव्या रेशमाने एक साळुंकी काढली होती, आणि ती आल्यागेल्याकडे डोळे मिचकावून पाहत होती.

सारे स्वार भोवती जमले.

"हे खोगीर की पाळणा?" धोंडजीने विचारले.

"सात हत्ती देऊन पडायचे कशाला?" रायाजी म्हणाला. "आम्ही फुकट पडतो आहोत."

हैबतीही मोठ्याने हसला. वीस वर्षे तोडा मिरवलेल्या स्वाराला बसायला शिकवणार एक शिवणकाम करणारी बाई!

भिवरा म्हणाली, "कामे तीन. काठोकाठ भरलेली ताकाची वाटी हाती धरून मैदानाला फेरी घालावी. लगाम सोडून नदी ओलांडावी. मग शीव ओलांडावी. ज्याला जमेल त्याने राज्य सोडवावे."

रायाजी बसला. खोगीर डावीकडे कलले, रायाजी उजवीकडे गेला, ताक आभाळात गेले. साळुंकीने चोच उघडली.

"तोल कुणाचा गेला?"

"खोगिराचा!" रायाजी गरजला. खोगिराने घोड्याच्या पाठीवरून एक उसळी घेतली आणि उभ्या रायाजीला गवताच्या गंजीत ढकलले. धोंडजी पडला तेव्हा त्याने वाऱ्याला दोष दिला. तो शेणाच्या खड्ड्यात सापडला. तिसऱ्याने ताक आंबट असल्याचे सांगितले. त्याचे काय झाले ते न सांगितलेलेच बरे.

शेवटी खोगीर शेवंतीच्या पाठीवर चढले आणि हैबती बसला. त्याने मांड्या आवळल्या, पाठ ताठ केली आणि तो सातव्या पावलाला पडला. मिशांतून ताक गळत होते.

"तोल कुणाचा गेला?"

हैबतीने वर पाहिले. शेवंती मान फिरवून उभी होती.

"माझा," तो पुटपुटला.

खोगीर जागचे हलले नाही. तो पुन्हा चढला, पुन्हा पडला, पुन्हा "माझा" म्हणाला. अंग आखडले की खोगीर निसटते आणि कंबर सैल सोडली की घोडीच्या चालीबरोबर चालते, हे त्याला चौथ्या दिवशी उमगले. आठव्या दिवशी त्याने फेरी पुरी केली. वाटीतला थेंब सांडला नाही.

"ताकच दाट होते," रायाजी म्हणाला.

नदीत तो पाच वेळा बुडाला. साळुंकीने विचारायच्या आत नाकातोंडातले पाणी थुंकून "माझा, माझा" म्हणायचा. सहाव्या खेपेला लगाम शेवंतीच्या मानेवर मोकळा टाकून तो पैलतीरी चढला.

"नदीला पाणीच कमी," धोंडजी म्हणाला.

दसऱ्याची दुपार कलली. शिवेच्या दगडावर वज्रकेश बसला होता. मागे राजा, भिवरा आणि सारे राज्य उभे होते. हैबती एकटा पुढे निघाला. खोगीर स्थिर होते. शीव एका पावलावर आली आणि शेवंती थांबली.

साळुंकीने मान वळवली. "गेल्या दसऱ्याला तोल कुणाचा गेला होता?"

मागून रायाजी ओरडला, "घोडी अडखळली होती! आम्ही सारे साक्षी आहोत!"

सूर्य डोंगराला टेकला. एक शब्द, आणि वीस वर्षांचा मान मातीत. हैबतीने पायातल्या तोड्याकडे पाहिले. मग शेवंतीच्या फिरवलेल्या मानेकडे पाहिले, आणि त्याला तोड्याची शिसारी आली.

"माझा गेला होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "घोडी अडखळली नव्हती. मी खोटे बोललो. शेवंते, मला माफ कर."

त्याने तोडा काढून टाकला आणि कमरेच्या शेल्यातून गुळाचा खडा काढला. गेल्या दसऱ्याला तिच्यासाठी घेतलेला आणि लाजेने न दिलेला खडा, काळा पडलेला. तो घोडीच्या मानेवर ओणवा झाला, आणखी झुकला, हात तिच्या तोंडापर्यंत लांबवला. एवढे झुकून कुणी स्वार राहत नाही. खोगीर तसूभर हलले नाही. शेवंतीने गूळ हुंगला. मग खाल्ला, त्याचे बोटही चाटले आणि एक पाऊल पुढे टाकून शीव ओलांडली.

शाप फिटला. साळुंकी पाखरीतून निघून भुर्रकन उडाली. वज्रकेश दगडावरून उठला, त्याने शेवंतीला नमस्कार केला आणि तो डोंगराकडे चालू लागला.

मग राजा खोकला. "शिकारीच्या वेळी... माझाही गेला होता," म्हणाला आणि त्याने आपला तोडा काढला. मग खाली बसून तोडे काढणाऱ्यांची अशी गर्दी उसळली की रायाजीला वाकायला जागा मिळेना.

भिवराने सातही हत्ती परत केले.

"मग एवढी किंमत सांगितलीस का?" राजाने विचारले.

"फुकट दिले असते, तर ह्यांपैकी एक तरी त्यावर बसला असता का, महाराज?"

तोड्यांच्या सोन्याचे घुंगरू झाले आणि ते घोड्यांच्या गळ्यात गेले. आता त्या राज्यात स्वार पडला की आधी "माझा" म्हणतो आणि मग घोड्याला गूळ चारतो. राज्य सुखात आहे. घोडे मात्र फार लठ्ठ झाले आहेत.